काशिनाथकाकांची पोच

सकाळी कार्यालयात गेल्यावर माझं पहिलं काम शिक्क्याची तारीख फिरवण्याचं. रबराच्या पट्ट्या असतात, नखाने एकेक अंक पुढे सरकवायचा आणि रद्दीच्या कागदावर एकदा मारून बघायचा. दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी मी तेच करत होते तेव्हा वस्तीतल्या रेखा मॅडमचा फोन आला. त्या सकाळच्या वेळी कधी फोन करत नाहीत. "काका गेले गं... चहा पिऊन कप ठेवायला उठले आणि तिथेच खाली बसले." मी "येते" म्हणाले आणि फोन ठेवला. समोर लोक उभे होते. तीन अर्जांवर शिक्के मारून झाल्यावर लक्षात आलं की तारीख कालचीच राहिली आहे. त्या तिघांना जिन्यावरून परत बोलावलं, माफी मागितली, नवा शिक्का मारून दिला. एक जण वैतागून म्हणाला, "एका दिवसाने काय फरक पडतो, मॅडम?" काका असते तर त्याला तिथेच बाकावर बसवून अर्धा तास समजावलं असतं.

काशिनाथ इंगळे टपाल खात्यात पोस्टमन होते. राहायला घाटकोपर पश्चिमेला, टेकडीवरच्या आमच्या वस्तीत. पत्रं वाटायचं बीट मात्र मुलुंडचं. मेहकरकडचं गाव सोडून ते तरुणपणी मुंबईत आले ते कायमचे. मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याहून बारावी होऊन मामाकडे आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. मामाच्या खोलीशेजारीच त्यांची खोली. दारावरच्या खिळ्याला खाकी पिशवी, आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली लोखंडी पेटीवर रचलेल्या फायली. आमच्या घरात तोपर्यंत कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई-बाबा अंगठा द्यायचे. सरकारी कागद आला की घरात आजारपण आल्यासारखी शांतता पसरायची. त्यामुळे सगळी वस्ती ज्याच्याकडे कागद घेऊन जाते असा माणूस शेजारी असणं ही केवढी गोष्ट आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतला. स्वतः लिहून देत नसत. सांगत, आणि आपण लिहायचं. अर्ज झाल्यावर म्हणाले, आता अस्साच दुसरा लिही. मला वाटलं चूक झाली. तर म्हणाले, एक त्यांचा, एक तुझा. तुझ्यावर त्यांचा शिक्का घ्यायचा, उजव्या कोपऱ्यात, तारखेसकट. त्याला पोच म्हणतात. पोच मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. "अर्ज देणं म्हणजे अर्धं काम. तो पोचला हे त्यांनी कबूल करणं म्हणजे उरलेलं अर्धं." आयुष्यभर लोकांच्या सह्या घेतलेला माणूस होता, रजिस्टर टपाल सहीशिवाय हातात द्यायचा नाही ही सवय अंगात मुरली होती. मी लाजत लाजत शिक्का मागितला, कारकुनाने कपाळाला आठ्या घालून मारला. पुढे चार महिन्यांनी यादी लागली तेव्हा माझं नाव नव्हतं. खिडकीवरच्या माणसाने रजिस्टर उघडून दाखवलं, तुमचा अर्ज आलेलाच नाही. मी दप्तरातून पोच काढून त्याच्यासमोर ठेवली. शिक्का बघून तो उठला आणि आत गेला. तासाभराने माझा अर्ज कुठल्यातरी कपाटामागून सापडला. तो शिक्का नसता तर मी त्या वर्षी मानोऱ्याला परत गेले असते, आणि आज हे लिहायला इथे नसते. हे मी कृतज्ञतेपोटी वाढवून सांगत नाही, तसंच झालं असतं.

काकांच्या फायलींमध्ये अशा शेकडो पोचा होत्या. नळाची, रेशनकार्डाची, शौचालयाच्या दाराची, कुणाच्या मयताच्या दाखल्याची. प्रत्येकीच्या पाठीमागे पेन्सिलीने ते ती घेतलेल्या कारकुनाचं नाव लिहीत. मी एकदा विचारलं, तक्रार करायला का? तर हसले. म्हणाले, तक्रारीला नाही, आठवणीला. कागद ऑफिस घेत नाही, माणूस घेतो. त्या फायलींतली एक जाड पिवळी फाईल फक्त एकाच कामाची होती. दर वर्षी संविधान दिनाला आमच्या पाण्याच्या टाकीखालच्या चौकात एक छोटी सभा व्हायची. काका प्लास्टिकच्या खुर्चीवर उभे राहून उद्देशिका वाचायचे, मग ज्याला जे बोलायचं ते त्याने बोलायचं. कुणी नगरसेवकाला शिव्या घालायचं, कुणी काकांनाच. चाळीस-पन्नास माणसं, खाली सतरंजी, शेवटी चहा. या चाळीस माणसांसाठी काका दर वर्षी रीतसर चौक वापरण्याची परवानगी मागत. काकांच्या पत्नी सुमनकाकू चिडवायच्या, "इथे लग्नाचा मांडव रस्त्यात घालतात तेव्हा कुणी विचारत नाही, आणि ह्यांना खुर्चीवर उभं राहायला परवानगी लागते." काका म्हणत, मांडवात कुणी प्रश्न विचारत नाही ना, म्हणून.

मी स्पर्धा परीक्षा दिली, लिपिक म्हणून लागले. पुढे बदली होऊन ज्या कार्यालयात आले तिथेच काकांचा हा अर्ज यायचा, आणि मला टेबल मिळालं ते आवकचं. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही; जिथे लिहायला हवं होतं तिथे लिहिलं आहे. पहिल्या वर्षी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले, रांगेत उभे राहिले, आणि माझ्या हातून शिक्का घेऊन ती पोच टेकडीवरच्या प्रत्येक घरात दाखवत फिरले. तोवर त्यांची आणखी एक पद्धत होती. खिडकीवर अर्ज दिला तरी त्याचीच एक प्रत ते रजिस्टर टपालाने, पोचपावती लावून पाठवत. खिडकीवरचा माणूस फिरला तरी टपाल फिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षापासून त्यांनी ते बंद केलं. काकूंनी विचारलं तर म्हणाले, आता गरज काय, खिडकीत घरचीच पोरगी आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीत दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेणाऱ्या रेखा मॅडम आहेत. टेकडीवरची काही घरं पाडायची नोटीस लागली होती, त्याबद्दल त्यांनी आपल्या मोबाइलवर चार ओळी लिहिल्या; त्यात एका मोठ्या माणसाला प्रश्न विचारला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना पोलिसांनी बोलावून घेतलं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि फोन ठेवून घेऊन संध्याकाळी घरी पाठवलं. गुन्हा नाही, समन्स नाही, फोन घेतल्याचा कागद नाही. काका ऐकून आधी फक्त एवढंच म्हणाले, "फोन घेतला, मग पावती कुठाय?" आम्ही सगळे तेव्हा मॅडमना, जाऊ दे, मिटलं ना, असं सांगत होतो. मीही सांगितलं. काकांना ते मिटलेलं दिसत नव्हतं. कागद न देता एका बाईचा फोन घेता येतो, तर उद्या कागद न देता माणूस घेता येईल, असं ते म्हणायचे. त्या वर्षीची सभा याच विषयावर ठेवायची त्यांनी ठरवलं आणि अर्जात तसं स्वच्छ लिहिलं. विषय लपवून परवानगी मागणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

अर्ज यायच्या दिवशी सकाळी साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. एरवी ते बोलावून घेतात. म्हणाले, टाकीच्या चौकातला अर्ज येईल, तो घ्या, पण पोच देऊ नका आणि रजिस्टरला चढवू नका, माझ्याकडे आणून द्या. मी का म्हणून विचारलं. "वरून आहे. तोंडी आहे. समजतंय ना तुम्हाला?" मी हो म्हणाले. बढतीची यादी लागायची होती, त्यात माझं नाव होतं. ते कारण म्हणून सांगत नाही, होतं म्हणून सांगते. आणि खरं म्हणजे मला त्या क्षणी कारणही लागलं नाही. वरच्या माणसाने सांगितलं की मान हलते, ती आमच्या घरातली फार जुनी सवय आहे. ती मोडायलाच तर मी शिकले होते.

काका अकराच्या सुमारास आले. दोन्ही प्रती पुढे केल्या. मी एक घेतली आणि दुसरी तशीच परत सरकवली. ते थांबले. "उज्ज्वला, शिक्का..." मी म्हणाले, काका, नंतर देते. नंतर म्हणजे कधी, त्यांनी विचारलं. मी खाली बघत सांगितलं की तोंडी सूचना आहे. ते रागावतील असं मला वाटलं होतं, नव्हे, रागवावं असं वाटत होतं. ते म्हणाले, "मग परवानगी नाही असं लेखी दे. मी लगेच जातो." तेही देता येणार नाही, मी म्हणाले. त्यावर त्यांनी अगदी साध्या आवाजात, कुणाला पिनकोड विचारावा तसं विचारलं, "तोंडी सूचनेचा आवक नंबर काय असतो गं?" ते समोरच्या बाकावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर, तो शिक्का नसलेला कागद पिशवीवर. दोन तास बसले. मी इतरांच्या अर्जांवर शिक्के मारत होते आणि प्रत्येक शिक्क्याचा आवाज त्या खोलीत नको इतका मोठा येत होता. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ते उठले, खिडकीशी आले. मला वाटलं आता बोलतील. "जेवून घे," म्हणाले, "डबा गार होतोय." आणि गेले.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं मला सगळं पाठ होतं. मूलभूत हक्क, आणीबाणी, राज्यघटनेची कलमं. त्यातून माझी अशी समजूत झाली होती की हक्क काढून घेतले जातात तेव्हा काहीतरी मोठं घडतं, फर्मान निघतं, रेडिओवर सांगतात. माझ्या टेबलावर तसलं काही झालं नाही. कुणीही सभेला बंदी घातली नाही. कुणीही सही केली नाही. उद्या कुणी न्यायाधीश विचारायला आला तर रद्द करायला त्याच्यापुढे हुकूमच नसणार. कायदा जिथल्या तिथे होता, पुस्तकं कपाटात होती, भिंतीवर उद्देशिकेची फ्रेमसुद्धा होती, तिच्याखालीच बसते मी. फक्त एका बाईने एक शिक्का उचलला नाही.

सभा झाली. परवानगी नाकारलेली नाही, म्हणजे अर्ज विचाराधीन आहे, असं काकांचं म्हणणं. खुर्चीवर उभे राहून त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला पोलिसांची गाडी आली. त्या आठवड्यात जमावबंदी लागू होती. काका, रेखा मॅडम आणि आणखी दहा जणांवर विनापरवाना जमाव केल्याचा गुन्हा दाखल झाला. मी त्या दिवशी मुलुंडला, माझ्या सासरच्या घरी होते. रविवारची सुट्टी असूनही सभेला गेले नव्हते. मग उपनगरातल्या एका कोर्टात तारखा सुरू झाल्या. आमच्या कार्यालयाने लेखी कळवलं की असा कोणताही अर्ज आवक नोंदवहीत आढळत नाही. ते पत्र माझ्याच टेबलावरून जावक झालं. जावकचा शिक्का मीच मारला, आणि तो मात्र न चुकता मारला.

तारखा म्हणजे काय ते ज्यांनी काढल्या आहेत त्यांनाच कळेल. सकाळी जायचं, दुपारपर्यंत पॅसेजमध्ये उभं राहायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. पंचाहत्तरीचा माणूस, गुडघे गेलेले. त्यांच्या वकीलबाईंनी सांगितलं, गुन्हा कबूल करा, किरकोळ दंड होईल, आजच्या आज सुटाल. दोघातिघांची तयारीही होती. काकू तर रोज मागे लागायच्या, "सगळ्या मुलुंडला पत्रं वाटली, आता म्हातारपणी तारखा गोळा करत फिरा." काका म्हणाले, कबूल केलं तर अर्ज केलाच नव्हता असं कायमचं कागदावर येईल. मग पुढच्या वेळी कुणालाच अर्ज करायची गरज राहणार नाही, आणि ऑफिसला तो नाकारायचीही. मी दर तारखेला त्यांच्यासाठी डबा पाठवत होते. एकदा स्वतः घेऊन गेले तेव्हा रेखा मॅडमनी मला पॅसेजच्या टोकाला नेलं. "गप्प बसायचं तर नीट गप्प बस, उज्ज्वला. दर तारखेला भाजी-पोळी घेऊन येऊ नकोस." त्या वस्तीतल्या प्रत्येकाला माहीत होतं खिडकीवर कोण होतं. कुणी कधी बाहेर बोललं नाही. मी काकांची पोरगी होते ना.

काका माझ्याशी पहिल्यासारखेच वागत, हे मला सर्वांत जड जायचं. महिन्यातून एकदा मुलुंडला घरी यायचे, आणि मग आम्ही त्यांच्या जुन्या बीटवरून हळूहळू चालायचो. त्यांना सगळं आठवायचं. इथे तिसऱ्या मजल्यावर एक बाई, मुलाच्या परदेशातल्या पत्रासाठी जिन्यात उभ्या राहायच्या. त्या पिवळ्या इमारतीत दोन कुलकर्णी, एकमेकांची पत्रं फोडायचे. तळमजल्यावरचं कुत्रं, त्याचं नावसुद्धा. अशाच एका फेरीत मी धीर करून विचारलं, त्या दिवशी माझ्याकडून निघाल्यावर पोस्टात जाऊन रजिस्टर का नाही केलंत? दोन गल्ल्यांवर तर पोस्ट होतं, तीन दिवस हातात होते. ते चालता चालताच म्हणाले, "ते आलं असतं तुझ्याच टेबलावर. तुला पुन्हा एकदा तेच करायला लागलं असतं..." मग म्हणाले, पाय दुखतायत, बसू कुठेतरी.

मागच्या पावसाळ्यानंतर आरोपींचे जबाब झाले. त्या दिवशी मी रजा टाकून गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. न्यायाधीशांनी काकांना विचारलं, अर्ज दिला म्हणता, पोच का नाही? काका म्हणाले, पोच मिळाली नाही. टपालाने पाठवायला हवा होता, पस्तीस वर्षं टपाल वाटून मी रजिस्टर केलं नाही, ही चूक माझी. मग विचारलं, खिडकीवर अर्ज कुणी घेतला? आता नाव येईल, आणि आलं तर बरंच, असंही आत कुठेतरी वाटत होतं. काका कठड्याला धरून उभे होते. मागे वळून पाहिलं नाही. "आठवत नाही, साहेब," म्हणाले. "वय झालं."

मुलुंडमधल्या कुत्र्याचं नाव आठवणारा माणूस. मी त्यांना त्यांच्या उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलताना ऐकलं.

त्यानंतर चार महिन्यांत ते गेले. कोर्टात मयताचा दाखला गेला, त्यांच्यापुरती केस संपली. अकरा जणांची चालू आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना होऊन माणसं पांगल्यावर, काकूंनी पेटीवरची पिवळी फाईल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, त्यांनी काही सांगून ठेवलं नव्हतं, पण मला यातलं वाचता येत नाही, तुझ्याकडे राहू दे. मी ती घरी आणून आठवडाभर उघडली नाही. उघडली तेव्हा क्रमाने सगळ्या पोचा होत्या. पाठीमागे पेन्सिलीने नावं, जुन्या निवृत्त कारकुनांची. मग माझं टेबल सुरू झालं त्या वर्षापासून दर वर्षी एकच नाव: उज्ज्वला. शेवटचा कागद तो. पुढे उजवा कोपरा कोरा. उलटा केला. तारीख होती, वेळ होती, आणि नावाच्या जागी त्यांनी पेन्सिलीने फक्त रेघ ओढून ठेवली होती. नाव लिहायची रेघ. वर काही नाही.

मी माझ्या कार्यालयाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. त्या दिवशी अर्ज आला होता, मी घेतला होता, तोंडी सूचनेवरून पोच दिली नाही, आणि कोर्टात बोलावलं तर मी हे सांगणार आहे, एवढंच. दोन प्रती. पोस्टात गेले तर खिडकीवरची मुलगी म्हणाली, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही, सगळं स्पीड पोस्टमध्येच गेलं. पोच पाहिजे तर तसं सांगा. सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते पाकीट माझ्याच टेबलावर आलं, काका म्हणाले होते तसंच. पोस्टमन सहीसाठी थांबला होता. मी सही केली, पाकीट फोडलं, तारीख तपासली, उजव्या कोपऱ्यात शिक्का मारला आणि नोंदवहीत चढवलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, "बसा" म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. त्याला आता दोन आठवडे झाले. अजूनही बोललेले नाहीत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. वकीलबाईंनी साक्षीदारांच्या यादीत माझं नाव घातलं आहे. रेखा मॅडमचा फोन अजून परत मिळालेला नाही. या वर्षीच्या सभेचा अर्ज कुणी करणार का, याबद्दल वस्तीत कुणी बोलत नाही. सगळे दमले आहेत. मीही.

पिवळी फाईल आता माझ्याकडे, मुलुंडच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात आहे. माझ्या पत्रावर शिक्का मारला त्या दिवशी कार्यालयातून आल्यावर मी ती खाली काढली. पेन्सिल घरात सापडेना, मुलीच्या कंपासपेटीतून घेतली. शेवटचा कागद उलटा केला आणि काकांनी ओढलेल्या रेघेवर माझं नाव लिहिलं. आडनावासकट.